क्रूझआधीची तक्रारबंदी

पुणे शहरात आजवर जेवढी निवेदनं दिली गेली, त्यांतली निम्मी एकट्या आमच्या काकांनी दिली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांनी तपासून दिली आहेत, असं माझं ठाम मत आहे. कुणाला हे खोडून काढायचं असेल तर त्यांनी लेखी खोडावं. काका माझ्या नात्यातले नाहीत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कोथरूडातल्या रस्त्याचा फुटपाथ आठवडाभरात कुणीतरी गिळून टाकला. संतापाच्या भरात मी पत्रक लिहिलं आणि ते छापायला नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेले. तिथल्या बाकावर एक किरकोळ अंगाचे गृहस्थ बसले होते. खिशाला तीन पेनं, मांडीवर फाइल. त्यांनी न विचारता माझा कागद ओढून घेतला, वाचला आणि म्हणाले, "अकरा उद्गारचिन्हं आहेत. साहेब पहिल्याला दचकतो, दुसऱ्याला हसतो आणि तिसऱ्याला चहा मागवतो. एक मागणी ठेव, एक तारीख ठेव, बाकीचं खोड." मी रागारागाने खोडलं. फुटपाथ परत आला. अर्धाच आला, पण अर्धा फुटपाथ परत येणं ही या शहरात काय चीज आहे हे ज्याला कळतं, त्याला मी काकांची शिष्य का झाले हेही कळेल.

काकांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. कागद कुठून येतो, कुणाच्या टेबलावर आडवा होतो आणि कुठल्या कपाटात शेवटचा श्वास घेतो, याचं त्यांना झालेलं ज्ञान अफाट आहे. त्यामुळे त्यांचा एकच धर्म: पोच. दिलेल्या वस्तूची पोच मिळाली तरच ती दिली. नाहीतर ती टाकली. त्यांच्या भाचीच्या लग्नात ते मिक्सरचं खोकं घेऊन स्टेजवर चढले, खोकं नवरदेवाच्या हातात दिलं आणि तिथेच उभे राहिले. नवरदेवाला वाटलं, फोटो हवाय. तो खोक्यासकट हसला. काका म्हणाले, "फोटो राहू दे. इथे मिळाल्याची सही करा." मागे शंभरेक माणसांची रांग होती, पुरणपोळ्या गार होत होत्या. नवरदेवाने सही केली. ती सही काकांच्या फाइलमध्ये अजून आहे. पुढे तो मिक्सर बिघडल्यावर जावईबापूंनी कुरकुर केली, तेव्हा काकांनी ती काढून दाखवली. त्यावर 'सुस्थितीत मिळाला' असंही लिहून घेतलेलं होतं.

या फायलींच्या पलीकडे, त्याच घरात, काकू राहत होत्या. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर सागरी प्रवाह काढले, उष्ण प्रवाह लाल खडूने आणि थंड प्रवाह निळ्या खडूने, आणि स्वतः समुद्र पाहिला तो किनाऱ्यावरून, सामान सांभाळता सांभाळता. कारण काकांबरोबर सहलीला जाणं म्हणजे चपला घालून त्यांच्या पुढच्या लढ्याला हजर राहणं. एका थंड हवेच्या ठिकाणी ते तीन दिवस गेले होते. बसमधून उतरल्या उतरल्या काकांना दिसलं की स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. तीन दिवस ते कचेऱ्या फिरले. पॉइंट एकही झाला नाही, पण निघायच्या दिवशी कडी बसली. "लोक अल्बममध्ये धबधबा दाखवतात," काकू सांगतात, "मी कडी दाखवते." दक्षिणेच्या सहलीत सूर्य समुद्रात बुडत होता, त्या वेळी काकू एका स्टेशनच्या बाकावर चार पिशव्या आणि एक पाण्याचा जग घेऊन बसल्या होत्या, कारण काका आत तक्रारवही मागत होते. तक्रारवही मिळाली. सूर्य गेला.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या वर्षी त्यांच्या बंगळुरूच्या मुलीने दोघांना क्रूझची सहल भेट दिली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपकडे जायचं, परत यायचं. चार रात्री, समुद्र दिसणारी केबिन. क्रूझ या प्रकाराला माझा तत्त्वतः विरोध आहे. हजारो माणसांची भूक, नाचगाणी आणि सांडपाणी पोटात घेऊन समुद्रावर हिंडणाऱ्या त्या हॉटेलाबद्दल माझं जे मत आहे, ते सांगायला मी ताबडतोब त्यांच्या घरी गेले. काकू मटार सोलत होत्या. पाच मिनिटं त्यांनी मला बोलू दिलं.

"झालं?"

"अजून दोन मुद्दे आहेत, काकू."

"ते मी परत आल्यावर सांग. हे बघ, मला एकदा चारी बाजूंनी पाणी बघायचंय. जमीन कुठल्याच बाजूला नको. अशा ठिकाणी क्षितिज पूर्ण गोल दिसतं म्हणतात. मी आयुष्यभर खडूने गोल काढलाय. आता माझी सत्तरी आली." मग त्यांनी आतल्या खोलीकडे हनुवटी केली. "आणि या वेळी मला तो निवेदनाच्या मागून बघायचा नाहीये."

काकूंची अट अशी होती. प्रवाशाचं नाव बदलायची मुदत एक महिना होती. त्या महिन्यात काकांनी एकही तक्रार करायची नाही. लेखी नाही, तोंडी नाही, 'नुसती एक सूचना' म्हणूनही नाही. महिना पार पडला तर काका बोटीवर. एक जरी तक्रार झाली तरी काकांच्या जागी काकूंची मिरजेची बहीण. या मिरजेच्या मावशी विलक्षण उत्साही निघाल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात रुंद काठाची टोपी घेतली आणि त्या रोज सकाळी फोन करून विचारू लागल्या, "काय गं, भाऊजी काही बोलले का?" नाही म्हटलं की पलीकडून सुस्कारा यायचा.

आणि काकांना सरावाला बसवायचं काम काकूंनी माझ्यावर टाकलं. म्हणजे, ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याला गप्प बसवायचं. मी म्हटलं, हा चळवळीशी द्रोह आहे. काकू म्हणाल्या, "असेल. सोमवारपासून ये."

पहिला सराव आम्ही हॉटेलात घेतला. बोटीवर चारी ठाव जेवण असतं, तेव्हा मिळेल ते निमूटपणे गिळता आलं पाहिजे, हा हेतू. काकांच्या नेहमीच्या उडप्याकडे गेलो. चटणी आंबली होती. माझ्यासुद्धा कानशिलात कळ गेली. काकांनी ती संपवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वेटरने सवयीने दोन पावलं मागे सरकून विचारलं, "काका, काही हवं का?" काका माझ्याकडे बघत, जबानी दिल्यासारखे म्हणाले, "काही नको. सगळं उत्तम आहे." वेटर पळत गल्ल्यावर गेला. मालक उठून आले. वीस वर्षांत या माणसाने त्यांच्या हॉटेलात 'उत्तम' हा शब्द उच्चारला नव्हता. मालकांनी चटणीची वाटी उचलली, वास घेतला, स्वयंपाकघरात जाऊन आरडाओरडा केला आणि सगळ्या टेबलांवरच्या वाट्या परत नेल्या. मग काकांच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "थेट वरच कळवणार आहात का? एकदा आम्हाला सांगायचं तरी!"

मंडईत त्याहून वाईट झालं. काकांची ठरलेली भाजीवाली आहे, त्यांच्याच वयाची. गेली तीस वर्षं ती तराजू उचलते आणि काका काट्याकडे असे वाकून बघतात, जणू त्यात कुणाचं तरी नशीब तोललं जातंय. मग दोघं मनसोक्त भांडतात आणि मग ती कोथिंबीर टाकते. त्या दिवशी तिने तराजू उचलला आणि काका वर कौलांकडे बघत राहिले.

"काय हो, तिकडं काय बघताय? काटा इकडं हाय."

"तुम्ही तोलाल ते बरोबरच असणार," काका म्हणाले.

तिने तराजू खाली ठेवला. "आजारी हाय का हे?" तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. "मग दुसरीकडून माल घ्यायला लागले असतील. भांडण तिकडं, आन् हितं नुसतं गोड बोलणं." तिला इतकं लागलं की तिने कोथिंबीर दिली नाही. पण आम्ही दहा पावलं गेलो तोवर मागून तिने हाक मारली आणि चार लिंबं माझ्या हातात कोंबली. "काकूला दे. म्हणावं, यांना सरबत पाजा. मानूस असा एकदम बदलला की बरं नसतंय."

दुसऱ्या आठवड्यात काकांनी पळवाट शोधली. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलो की ते माझ्या कानाशी लागून, अत्यंत निरागसपणे विचारायचे, "तुला काही दिसतंय का गं?" मला दिसायचं. दिसल्यावर मी कशी गप्प बसणार? मला कुणी अट घातली नव्हती. बँकेत ज्येष्ठांच्या खिडकीसमोर खुर्ची नव्हती, मी कडकडून भांडले. काका मागे उभे राहून बोटांवर माझे मुद्दे मोजत होते आणि एक सुटला तेव्हा खोकले. तीन दिवसांत काकूंच्या कानावर गेलं. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ठेकेदार नेमलेला चालणार नाही," त्या म्हणाल्या. मिरजेला त्या दिवशी आशेची लाट उठली असावी, कारण फोन दोनदा आला.

मग आम्ही आरामाचा सराव सुरू केला. बोटीवर माणसं म्हणे तासन् तास खुर्चीत पडून असतात. काकांना हे प्रकरण समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. "पडून काय करतात?" "काही नाही, पडतात." "मग उठतात कशाला?" शेवटी त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर प्लास्टिकची आरामखुर्ची टाकली, मुलीने पाठवलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी त्यांना घालायला लावली आणि एक तासाचं घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला टाकी वाहायला लागली. पंप बंद करायचं कुणीतरी विसरलं होतं. पाणी गच्चीवरून काकांच्या खुर्चीखालून वाहत जिन्याकडे निघालं. "काका," मी म्हटलं, "टाकी." "मला काही ऐकू येत नाहीये," काका डोळे घट्ट मिटून म्हणाले, "मी सुट्टीवर आहे." मी पंप बंद करायला धावले तोवर दोन मजल्यांच्या पायपुसण्यांच्या होड्या झाल्या होत्या. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन वर आले. "तुम्ही गच्चीवर होतात, तुमच्या पायाखालून पाणी गेलं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत? इतकी वर्षं चमचाभर पाणी सांडलं तरी पत्र देत होतात!" मला मात्र काकांच्या चेहऱ्यावर एक समाधान स्पष्ट दिसलं. त्या पत्रांना चेअरमनने कधी उत्तर दिलं नव्हतं.

गंमत संपली असं मला वाटू लागलं ते तिसऱ्या आठवड्यात. काका गप्प राहायला खरोखरच शिकले. भर दुपारी जळणाऱ्या दिव्यांखालून ते मान न वळवता जाऊ लागले. छापखान्यात यायचे बंद झाले. मी नदीकाठच्या झाडांचं पत्रक दाखवायला नेलं, तर त्यांनी ते वाचून 'छान आहे' म्हणून परत दिलं. त्यात मी मुद्दाम दोन चुका ठेवल्या होत्या. मी काकूंना म्हटलंही, "तुम्ही त्यांची पार मेणबत्ती विझवलीत." काकूंनी मटारच्या शेंगा जरा जोरात मोडल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कोथरूडातल्या एका हॉलमध्ये टूर कंपनीने सगळ्या प्रवाशांना माहिती द्यायला बोलावलं होतं. साठ-सत्तर माणसं, बहुतेक निवृत्त, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं. कोट घातलेल्या मॅनेजरने पडद्यावर बोट दाखवली, लाइफ जॅकेट बांधून दाखवलं, उलटीची गोळी कधी घ्यायची ते सांगितलं. मग शेवटी, चहा यायच्या बेताला, तो गोड आवाजात म्हणाला की काही तांत्रिक कारणाने मागच्या तीन रांगांतल्या पाहुण्यांच्या केबिन आतल्या बाजूला हलवल्या आहेत. "खिडकी नसेल, पण तुम्ही केबिनमध्ये फक्त झोपायलाच जाणार ना? खिडकीचं काय घेऊन बसलात!" आणि तो हसला.

आम्ही मागून दुसऱ्या रांगेत होतो. मी उठणार तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला आणि काकांकडे पाहिलं. काका दोन्ही हात मांडीखाली दाबून छताच्या पंख्याकडे बघत होते.

"अहो," काकू कुजबुजल्या, "बोला."

"नाही."

"बोला म्हणते ना मी!"

"आज शेवटचा दिवस आहे. सहा वाजता मुदत संपते."

"मुदत गेली खड्ड्यात. आपली खिडकी चालली."

"मागच्या गुरुवारी माझी परीक्षा घ्यायला चहात मीठ घातलं होतंस," काका पंख्याला म्हणाले. "मी प्यायलो. हेही तसंच असेल."

"अहो, ते मी घातलं होतं, खिडकी काही मी नाही काढली!" काकांचा चेहरा बघवत नव्हता; ओठ आतून चावून धरलेले, मानेची शीर उभी राहिलेली. त्या माणसाला बोलण्यापासून जे अडवत होतं ते बोटीचं तिकीट नव्हतंच. दिलेला शब्द होता, आणि या बाईला इतक्या वर्षांत दिलेला कदाचित पहिलाच.

मग काकू उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला नाही, हात उंचावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि हॉल गप्प झाला. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई कशी उभी राहते ते मी तेव्हा पाहिलं.

"तुमच्या कंपनीने आम्हाला दिलेल्या बुकिंगच्या पत्राचा दुसरा परिच्छेद वाचून दाखवता का?"

"मॅडम, आपण नंतर पर्सनली—"

"आत्ता. मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मॅनेजरने पत्र हातात घेतलं. वाचलं. त्यात 'ओशन व्ह्यू केबिन' असं होतं.

"म्हणजे काय?"

"समुद्र दिसेल अशी."

"आणि तू काय देतोयस?" एव्हाना 'तुम्ही' चं 'तू' झालं होतं आणि त्यालाही ते खटकलेलं दिसलं नाही. कोट घातलेला तो माणूस सरळ उभा राहून हात मागे बांधायच्या बेतात होता.

"आतली... मॅडम."

"खिडकी नसेल तर मी समुद्रात आहे की एखाद्या तळघरात, हे मला कसं कळणार? सांग ना. विचार करून सांग. घाई नाही."

त्याने विचार केला. मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "आमचीही खिडकी गेलीय हो बाई." "तुम्ही बसा, तुमचंही येणार आहे यात," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला. पंधरा मिनिटांनी आला आणि तीन रांगांच्या केबिन जिथल्या तिथे ठेवल्याचं त्याने सांगितलं. कुठे काय हलवलं, देव जाणे. काकूंनी ते त्याच्याकडून दोन ओळींत लिहून घेतलं आणि मगच चहा घेतला.

मी आनंदाने ओरडतच होते. काका मात्र सरळ बाहेर आले. रिक्षासाठी उभे असताना त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि पायांकडे बघत विचारलं, "इतकं येतं तुला. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. ते बराच वेळ हलवत होते. सहा वाजून गेले होते. रिक्षात बसताना मिरजेहून फोन आला तेव्हा काकूंनी सांगितलं, "नाही बोलले. हेच येतायत." आणि मग जरा थांबून, "तुला पुढच्या वेळी नेईन. टोपी जपून ठेव."

ते दोघं बोटीवर निघाले त्या दिवशी मी महापालिकेसमोर झाडांच्या निदर्शनात होते. पाऊण-एक तास घोषणा देऊन घसा बसला होता. संध्याकाळी फोन वाजला. बोट बंदरातून निघाली होती, रेंज जेमतेम होती, आणि काका इतक्या हळू बोलत होते की मला दुसरा कान बोटाने दाबावा लागला.

"काका, जरा मोठ्याने बोला ना. काय झालं?"

"काही नाही गं. ती पुढे कठड्याशी उभी आहे. अर्धा तास झाला. मी मोठ्याने बोललो तर वळून बघेल."

"मग वळू दे ना."

"नको," ते म्हणाले. "अजून डावीकडे जराशी जमीन दिसतेय. ती संपेपर्यंत तिला कुणी हाक मारू नये असं मला वाटतं."

मी झाडांचं काही सांगणार होते. निवेदन घेतलं की नाही, कुणी घेतलं, काय म्हणाले. त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगवलं नाही. फोन चालू होता. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, आणि रेंज जाईपर्यंत आम्ही दोघंही फोन कानाला लावून तसेच गप्प उभे राहिलो.